अठरा वर्षांनंतरचा कागद

मुलगा अठरा वर्षांचा होतो त्या दिवशी घरात काहीच बदलत नाही. भात अजून कालवूनच द्यावा लागतो, रस्ता ओलांडताना हात धरावाच लागतो, आणि झोपण्याआधी गॅसचा नॉब बंद आहे ना हे आई दोनदा पाहते. कायद्याच्या दप्तरात मात्र त्या दिवशी मोठा फेरफार झालेला असतो. १८९० चा पालक व पाल्य कायदा असो की १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, दोन्हींतले पालकत्व अज्ञान मुलापुरते आहे. अठरा पूर्ण झाली की मुलगा सज्ञान, मग त्याला स्वतःचे नाव लिहिता येत नसले तरी. आईबापांचे नाते राहते, सही चालेनाशी होते. आजोबांनी नातवाच्या नावे ठेवलेली मुदत ठेव पुरी होते आणि बँक विचारते, सही कोण करणार?

या प्रश्नावर आज जो कागद पुढे करायचा त्याला कायदेशीर पालकत्वाचा दाखला म्हणतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती तो देते. विशेष मुलांच्या पालकांच्या कोणत्याही बैठकीत तासाभरात या कागदाचा विषय निघतोच, आणि तो निघाला की त्याच्यामागून दुसरा, खरा प्रश्न येतो: आमच्यानंतर कोण? कागद त्या प्रश्नाचे उत्तर आहे असे अनेक पालक धरून चालतात. तो कुठून आला हे पाहिले की तसे धरून चालणे अवघड होते.

कागदाची सगळ्यात जुनी मुळे जमिनीत आहेत, आणि जमीन हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जन्मजात मंदबुद्धी माणसाची जमीन राजाच्या ताब्यात जाई. त्या माणसाला खायला-ल्यायला घालायचे आणि जमिनीचे उत्पन्न राजाने स्वतः घ्यायचे, असा रिवाज होता. वेड लागलेल्या माणसाचे तसे नव्हते. तो कधीतरी बरा होईल, म्हणून त्याची जमीन राजाने सांभाळायची, पण नफा खायचा नाही. जो कधीच बरा होणार नव्हता त्याच्यावर मात्र फायदा काढायला मोकळीक. पालकत्व नावाच्या व्यवस्थेचा हा एक पूर्वज, आणि त्याचे चारित्र्य फारसे सांगण्यासारखे नाही.

दुसरा पूर्वज आपल्या घरचा. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वाटा न मिळणाऱ्यांची यादी आहे: जन्मांध, बहिरा, मुका, उन्मत्त, जड. याज्ञवल्क्याने हीच यादी थोड्या फरकाने दिली, आणि महाराष्ट्रात ज्या मिताक्षरेच्या आधाराने वाटण्या झाल्या तिनेही ती मान्य केली. यादीला लागूनच एक कर्तव्य येते: अशा माणसाला हयातभर अन्नवस्त्र द्यावे, न देणारा पापी. म्हणजे वाटा नाही, पण पोट आहे. त्याचा मुलगा धडधाकट असेल तर त्याला वाटा मिळे, मधला माणूस तेवढा वगळायचा. लंडनचा राजा आणि आपला स्मृतिकार एकमेकांना न भेटता जवळजवळ एकाच निष्कर्षाला आले होते. पोसा, पण मालकी देऊ नका.

एकत्र कुटुंब होते तोवर हे चालून गेले, असे आपण म्हणतो. मला ते अर्धेच खरे वाटते. वाड्याच्या सोप्यावर बसून दिवसभर सुतळ्या वळणारा काका सगळ्यांना आठवतो. त्याला कोणी मारले नाही, उपाशी ठेवले नाही, हेही खरे असेल. पण त्याच्या वाट्याची जमीन भावांनी कसली, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, कारण शास्त्रानेच तसे सांगितले होते. कुटुंबाच्या मायेचे गोडवे गाताना हा हिशेब शेजारी मांडलेला बरा.

इंग्रजी राज्यात हे दोन्ही पूर्वज एकाच कचेरीत आले. १८५८ साली वेडाच्या संदर्भात लागोपाठ तीन कायदे झाले: एक इलाख्याच्या राजधानीतल्या वरिष्ठ न्यायालयांसाठी, एक जिल्हा न्यायालयांसाठी, आणि एक वेड्यांच्या इस्पितळांसाठी. मुंबई उच्च न्यायालयाच्या सनदेतही अज्ञान मुले, जन्मजात मंदबुद्धी आणि वेडे यांच्या शरीरावर व मालमत्तेवर न्यायालयाला अधिकार दिला गेला. पुढे १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याने हे सगळे एकत्र बांधले आणि त्या बांधणीत एक गोष्ट कायमची गोंधळली. मनाचा आजार झालेला माणूस आणि जन्मापासून बुद्धीची वाढ कमी असलेला माणूस या दोघांना कायद्याने एकाच व्याख्येत घातले. ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर इथल्या मनोरुग्णालयांत ज्यांना मनाचा आजार नव्हता असे कित्येक जण आयुष्यभर राहिले ते या व्याख्येच्या आधाराने.

त्या कायद्यात पालक नेमण्याची सोय होती. जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, न्यायालय चौकशी करी, आणि मग माणसासाठी पालक व मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमी. पण मुंबई शहराबाहेर ही चौकशी सुरू होण्यासाठी एक अट होती: त्या माणसाच्या नावे मालमत्ता असली पाहिजे. ज्याच्याकडे काही नाही त्याच्यासाठी न्यायालयाला नेमायचे काही कारणच नव्हते. शिवाय हिंदू कुटुंबातल्या जन्मजात मतिमंदाच्या नावे मालमत्ता येणार कुठून? वारसा तर शास्त्राने आधीच काढून घेतलेला. म्हणजे ज्याला पालकाची सर्वांत जास्त गरज, तोच या दरवाजातून आत येऊ शकत नव्हता.

१९२८ साली वारशाच्या या अपात्रता रद्द करणारा कायदा झाला. आंधळे, बहिरे, मुके, महारोगी यांना हक्क मिळाला. त्यातही एक अपवाद शिल्लक ठेवला गेला: जन्मापासून वेडा किंवा मंदबुद्धी असलेला माणूस. सुधारकांच्या काळातल्या सुधारणेनेही त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवले. त्याला वारसाहक्क मिळाला तो १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने. रोग, व्यंग किंवा विकृती यांमुळे कोणीही वारसा गमावणार नाही, असे त्या एका ओळीत आले. हिंदू कोड बिलावरच्या वादात घटस्फोट आणि मुलींचा हिस्सा यांवर रणे माजली, या कलमाची चर्चा फारशी कोणी लक्षात ठेवली नाही. मात्र आपल्या कागदाच्या वंशावळीत ते सर्वांत मोठे वळण आहे. आता सोप्यावरचा काका मालक झाला. मालक झाला म्हणजे त्याची सही लागणार, आणि सही तर त्याला येत नाही.

याच सुमारास शहरांत दुसरी एक गोष्ट आकार घेत होती, कायद्याशी काही संबंध नसलेली. १९४४ साली मुंबईत वकील नावाच्या पारशी जोडप्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी, दीनासाठी, शाळा काढली. आज ती जय वकील शाळा म्हणून ओळखली जाते. १९६४ मध्ये पुण्यात कामायनी सुरू झाली, १९७७ मध्ये नाशिकला रजनी लिमये यांची प्रबोधिनी. यांतल्या बहुतेक संस्थांच्या मुळाशी एक आई किंवा बाप आणि घरातले एक मूल सापडते. शाळा आधी लहान मुलांची होती. मुले मोठी झाली तशी शाळेला कार्यशाळा जोडली गेली, आणि पणत्या, आकाशकंदील, राख्या, कागदी पिशव्या, फाइली, उटण्याची पाकिटे अशी एक ओळखीची यादी तयार झाली. दिवाळीच्या आधी या वस्तू विकत घेणाऱ्या बहुतेकांना त्या बनवणाऱ्याचे वय माहीत नसते. चाळीस, पंचेचाळीस, कधी पन्नाससुद्धा.

हे वय नवे आहे. प्रतिजैविके आली, हृदयातल्या जन्मजात दोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि पूर्वी विशीच्या आत जाणारी मुले साठीकडे चालू लागली. आईबापांच्या आधी मूल जाईल हा जुना, कडू दिलासा संपला. ‘आमच्यानंतर कोण’ हा प्रश्न शास्त्राने किंवा कायद्याने जन्माला घातलेला नाही, तो वैद्यकाने घातला. १९९१ च्या ‘चौकट राजा’त दिलीप प्रभावळकरांचा मतिमंद नंदू मराठी प्रेक्षकाने पाहिला तेव्हा पडद्यावर एक वाढलेला, दाढी करण्याच्या वयाचा माणूस होता. प्रेक्षक रडले, आणि रडून घरी गेले. घरोघरचे नंदू कुठे राहणार हा प्रश्न तिथेच राहिला.

मग कायद्यात भोक पडले. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने १९१२ चा जुना कायदा मोडीत काढला. आजारी माणसाला गुन्हेगारासारखे वागवू नये या चांगल्या हेतूने तो लिहिला होता. त्यात मानसिक आजाराची व्याख्या करताना मतिमंदत्व स्पष्टपणे वगळले. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबरच होते, कारण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण १९९३ मध्ये तो कायदा लागू झाला तेव्हा पालक नेमण्याची जुनी सोयही गेली, आणि मतिमंद प्रौढासाठी नवी कोणीच केली नव्हती. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकारची अपंगत्वे मोजली, मतिमंदत्व त्यांत होते, स्वमग्नता नव्हती, आणि पालकत्वाबद्दल एक अक्षर नव्हते. काही वर्षे अशी गेली की मालमत्ता असलेल्या मतिमंद माणसाच्या बापाला उच्च न्यायालयात जाऊन ब्रिटिश सनदेतल्या अधिकाराची आठवण करून द्यावी लागे.

पालकत्व कोणाच्या हातात आणि किती, हा प्रश्न त्या मोकळ्या वर्षांतच महाराष्ट्रात सर्वांत उघडपणे समोर आला. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींना आणि तरुणींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता सांभाळता येत नाही, असे कारण सांगितले गेले. स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते उभे राहिले, पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या वेळच्या वादात दोन्ही बाजूंना पालक होते, हे विसरता कामा नये. मोठ्या मुलीचे कपडे बदलून थकलेल्या आया ‘तुम्ही या, महिनाभर सांभाळा’ असे म्हणत होत्या, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण संस्थेत कर्मचारी कमी म्हणून शरीरातला अवयव कमी करायचा, या तर्काला शेवट नाही. त्या मुलींना कोणी विचारले नव्हते. विचारण्याची रीतच कागदावर नव्हती.

१९९५ मध्ये देशभरच्या पालक संघटनांनी ‘परिवार’ नावाचा महासंघ बांधला. त्यांची मागणी साधी होती: न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या न लागता जिल्ह्यातच पालक नेमता यावा, आणि आमच्या पश्चात सरकारने कुठेतरी उभे राहावे. १९९९ च्या शेवटी राष्ट्रीय न्यास कायदा झाला तो याच दडपणातून. मतिमंदत्व, मेंदूचा पक्षाघात, बहुविकलांगता आणि स्वमग्नता अशा चार अवस्थांसाठी तो आहे. स्वमग्नता त्यात आली कारण तिच्या पालकांनी दिल्लीत चिकाटीने पाठपुरावा केला. भारतीय कायद्यात हा शब्द पहिल्यांदा आला तो इथे. सरकारने न्यासाला 100 कोटी रुपयांचा मूलनिधी दिला. देशाचा आकार पाहता ही रक्कम किती लहान होती हे वेगळे सांगायला नको.

कायद्याचा मजकूर मात्र आजही वाचण्यासारखा आहे. दाखला देणाऱ्या स्थानिक स्तर समितीत तिघे: जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. समितीने आधी पाहायचे की या माणसाला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर नेमकी कोणत्या कामांसाठी. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा. हेळसांड झाली तर कोणीही नातेवाईक किंवा संस्था तक्रार करू शकते आणि पालक काढला जातो. राजाने जमिनीचा नफा खाण्यापासून दरवर्षी हिशेब देण्यापर्यंतचा हा प्रवास आहे. व्यवहारात अर्ज छापील, कामांचा रकाना बहुधा ‘सर्व’ असा भरला जातो, आणि ‘गरज आहे का’ हा प्रश्न विचारण्याआधीच उत्तर ठरलेले असते. वार्षिक हिशेब किती पालक देतात आणि किती समित्या मागतात, हे कोणत्याही पालक सभेत विचारून पाहावे. हसू येते.

कागदाने काही गोष्टी खरोखर सोप्या केल्या. २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की या दाखल्यावर खाते उघडू द्या. सरकारी नोकराच्या अपंग मुलाला हयातभर मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन अनेकदा या दाखल्याशिवाय अडते. २००८ मध्ये आलेल्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळाला, तोही कोणतीही वैद्यकीय तपासणी न करता. ज्या मुलांना खासगी विमा कंपन्या दारात उभे करत नव्हत्या त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती. मात्र घर, माणूस आणि दिवसभराचे काम या तीन गोष्टी कागदाने दिल्या नाहीत. न्यासाच्या ‘घरौंदा’ आणि ‘समर्थ’ या निवासी योजना आहेत, पण जिल्ह्याजिल्ह्यात चालून जाता येईल असे घर आजही सापडत नाही.

घरे उभी राहिली ती पुन्हा पालकांनी आणि काही वेड्या ध्येयवाद्यांनी उभी केली. डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेने खोणी गावात ‘घरकुल’ बांधले. मुळशी तालुक्यात कोळवणला १९९४ पासून साधना व्हिलेज आहे. तिथल्या प्रौढांना ‘विशेष मित्र’ म्हणतात आणि ते सांभाळणाऱ्यांसोबत एकाच घरात राहतात. या कल्पनेचे नाते व्हिएन्नाहून पळून स्कॉटलंडला आलेल्या कार्ल क्योनिग या डॉक्टरने १९४० च्या सुमारास सुरू केलेल्या कॅम्पहिल वस्त्यांशी आहे. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी निराळाच मार्ग काढला. टाकून दिलेल्या शंभराहून अधिक अपंग मुलांच्या कागदांवर वडिलांच्या नावाच्या जागी त्यांनी स्वतःचे नाव लावले. बालगृहातली मुले अठराची झाली की नियमाने बाहेर पडायची, आणि मतिमंद अनाथाला बाहेर जायला जागा नाही, म्हणून त्यांच्यासाठी हयातभराचा कायदा करा असे ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कायदा मिळाला नाही.

इकडे कागदाखालची जमीनच हलू लागली होती. १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला, आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने त्याला मान्यता दिली. त्या कराराचे बारावे कलम म्हणते की कायद्यापुढे प्रत्येक अपंग माणसाची क्षमता इतरांइतकीच मानावी, आणि निर्णय घ्यायला मदत लागत असेल तर मदत द्यावी, निर्णय काढून घेऊ नये. २००९ मध्ये चंदीगडच्या नारी निकेतनमधल्या एका सौम्य मतिमंद तरुणीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. तिच्यावर बलात्कार झाला होता, ती गरोदर होती, उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता, आणि तिला मूल हवे होते. न्यायालयाने तिचे ऐकले. शिरूरनंतर पंधरा वर्षांनी ‘तिला विचारले का’ हा प्रश्न दिल्लीत कायद्याचा प्रश्न झाला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चौदाव्या कलमात ‘मर्यादित पालकत्व’ आणले: ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, आणि त्या माणसाच्या इच्छेला धरून दोघांनी मिळून घेतलेला निर्णय. १९९९ चा कायदा मात्र रद्द झाला नाही. आज दोन कायदे दोन वेगळ्या गोष्टी सांगत शेजारी शेजारी नांदतात. मोठ्या शहरांतले कार्यकर्ते पूर्ण पालकत्वाला विरोध करतात, आणि सांगलीची किंवा परभणीची आई विचारते, माझा मुलगा बोलत नाही, तर मी त्याच्याबरोबर निर्णय कसा घेऊ? मला दोघांचेही पटते. पण तिचा प्रश्न आणखी खोलात जातो, कारण बोलत नसला तरी तो काही खाणे नाकारतो, कोणाच्या मांडीवर डोके ठेवतो, कोणी आले की आत निघून जातो. हे सगळे समितीच्या अर्जात बसत नाही. काही पालक मृत्युपत्रासोबत एक लांबलचक पत्र लिहून ठेवतात: कोणत्या गाण्याने तो शांत होतो, कोणत्या आवाजाला घाबरतो, औषध कशात घालून द्यायचे. कायद्याला त्या पत्राची किंमत शून्य आहे आणि सांभाळणाऱ्याला सर्वांत जास्त.

राहिला शेवटचा, व्यवहाराचा पेच. न्यासाच्या नियमांनुसार नेमला जाणारा पालक भारताचा नागरिक असावा लागतो. पुण्या-ठाण्याच्या मध्यमवर्गात अपंग मुलाचा भाऊ किंवा बहीण पुष्कळदा न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असते आणि तिकडचा पासपोर्ट घेतलेला असतो. पैसा तिथून येतो, दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो, पण कागदावर नाव लागत नाही. मग चुलतभाऊ, शेजारी, एखादी संस्था, कधी आईच्या मैत्रिणीची मुलगी असे पर्याय चाचपडले जातात. ज्याचे नाव लागते तो मेला की दाखला संपतो, आणि कोणीतरी पुन्हा नवा अर्ज घेऊन समितीपुढे जायचे असते. म्हणून सत्तरीतले शहाणे आईबाप स्वतःच्या नावावर दाखला काढत नाहीत. ते तिशीतला कोणीतरी शोधतात, त्याला आधी चार-पाच वर्षे घरी जेवायला बोलावतात, मुलाला त्याच्यासोबत फिरायला पाठवतात, आणि मग अर्जावर त्याचे नाव लिहितात.